मदत हवी आहे : भाचीचं रॉक गाणं सोलापुरात कुठं वाजवता येईल?

नमस्कार मंडळी. माझी भाची इंजिनिअरिंगला आहे, स्वतःच गाणी लिहिते, चाली लावते. तिचं पहिलं सिंगल नुकतंच स्पॉटिफाय-यूट्यूबवर आलंय. मराठी शब्द, खरखरीत गिटार, मागे दणकून ड्रम. पुण्या-मुंबईची पोरं छान कमेंट करतायत, घरात मात्र "गातीस चांगली गं, पण ओरडतीस कशाला?" (माझ्या मते दुसरं कडवं ओढूनताणून झालंय, पण तिला सांगणार कोण!)

आता तिला इथं लोकांसमोर वाजवायचंय. हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह एवढ्याशा कार्यक्रमाला फारच मोठं. सात रस्ता किंवा विजापूर रोडकडं पन्नासेक माणसं बसतील, ड्रम चालतील असा कॅफे वा छोटा हॉल आहे का? रात्री 10 नंतर स्पीकर बंद, म्हणजे संध्याकाळीच. साउंडवाला बँडचं मिक्सिंग जमणारा हवा. डीजेवाले काय, पायलीला पन्नास मिळतात.

आणखी एक. रेकॉर्डिंगचे पैसे डिस्ट्रिब्युटरकडून (गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी चढवणारी कंपनी) येतात, पण गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीसाठी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सभासद व्हावं लागतं. ती गीतकार, संगीतकार दोन्ही एकटीच आहे. कुणी स्वतः अर्ज भरलाय का? कागदपत्रं कोणती लागली?