मदत हवी आहे: रेकॉर्डरवरचे नऊ भाग डीव्हीडीवर बसत नाहीत

सांजवेळ
घरी हार्ड डिस्कवाला डीव्हीडी रेकॉर्डर आहे. त्यात सह्याद्रीवरच्या नाट्यसंगीताच्या एका कार्यक्रमाचे 9 भाग आहेत. ते डीव्हीडीवर घ्यायचेत. पण एका डिस्कवर एकच भाग बसतो, दुसरा घ्यायला गेलं की जागा पुरत नाही म्हणतो. अहो, भाग अर्ध्या तासाचा आहे! डिस्कवर 4.7 जीबी, 120 मिनिटं असं स्पष्ट छापलंय. डिस्क खराब आहेत का? पंचवीसच्या डब्यातल्या चारच उरल्यात. रविवारपर्यंत काम व्हायला हवं. कृपया लवकर सांगा.

पश्या
डीव्हीडी कशाला हवी? पेन ड्राइव्हवर घ्या आणि टीव्हीला लावा. 32 जीबीत सगळं बसून जागा उरेल.

दुरुस्तीवाला
ताई, आधी हे सांगा:
रेकॉर्डर कोणता?
रेकॉर्डिंग कुठल्या मोडमध्ये, म्हणजे किती दर्जाचं केलंय? एक्सपी (सर्वात चांगलं, जागा जास्त खाणारं), एसपी, एलपी की ईपी (सर्वात हलकं)?
डिस्क -आर, +आर की आरडब्ल्यू?
एवढं कळल्याशिवाय काही सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

मृद्गंध
जुन्या कॅसेटवर बुरशी आली असेल तर ती व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका, हेड जाईल. आधी उन्हात न ठेवता कोरड्या जागी ठेवा, मग जाणकाराकडून साफ करून घ्या. आमच्या मुंजीची कॅसेट अशीच वाचली.

सांजवेळ
कॅसेट नाहीये हो, हार्ड डिस्क आहे. मॉडेल नंबर पुसलाय. मामाने 2006 मध्ये मस्कतहून आणला होता. डिस्क डीव्हीडी-आर. मोड कुठे दिसतो?

दुरुस्तीवाला
यादीत भागावर या आणि माहिती उघडा. तारखेच्या आसपास दोन अक्षरं दिसतील, आणि लांबीही. दोन्ही इथे लिहा.

सांजवेळ
एक्सपी. लांबी 40 मिनिटं. सगळ्याच भागांची 40-41.

दुरुस्तीवाला
सापडलं. डिस्क चांगल्या आहेत. डब्यावरची 120 मिनिटं एसपी मोडसाठी असतात. एक्सपीत चित्रासाठी सेकंदाला सुमारे 10 मेगाबिट माहिती लिहिली जाते (जितकी जास्त तितकं चित्र स्वच्छ), त्या हिशोबाने 4.7 जीबीत तासभरच मावतो. तुमचे दोन भाग म्हणजे 80 मिनिटं. कसे बसतील? ज्यांनी टायमर लावला त्यांनी पाच मिनिटं आधी आणि पाच नंतर ठेवली असणार. केबलची वेळ मागेपुढे व्हायची, म्हणून सगळेच तसं करायचे.

सांजवेळ
टायमर मीच लावायचे. बरोबर आहे तुमचं.
मग ईपी करून सगळं एकाच डिस्कवर घेऊ का? 6 तास बसतात असं मॅन्युअलमध्ये आहे. काल एक भाग तसा करून पाहिला, पण चित्र फारच खराब आलं. हात हलला की चौकोन दिसतात.

गोदाकाठ
ईपीचा विचारही करू नका. 6 ते 8 तास कोंबायचे तर रेकॉर्डर चित्राचे ठिपके निम्म्याहूनही कमी करतो. बातम्यांना चालेल, संगीताच्या कार्यक्रमाला नाही. त्यातून केबलवरून घेतलेलं चित्र मुळातच मुंग्यांचं असतं. त्या मुंग्या टिपण्यातच अर्धे बिट जातात आणि चेहऱ्याला काही उरत नाही.

पश्या
म्हणूनच म्हणतोय, संगणकावर घ्या. रेकॉर्डर उघडा, हार्ड डिस्क काढा, केबलने पीसीला जोडा, फाइल कॉपी करा. दोन तासांचं काम.

दुरुस्तीवाला
पश्या, कृपया असा सल्ला देऊ नकोस. या रेकॉर्डरांच्या हार्ड डिस्कची मांडणी विंडोजला वाचता येत नाही. पीसीला जोडली की 'फॉरमॅट करायचं का' असं विचारतो. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांनी हो म्हटलं होतं. मुलीचं अख्खं लग्न गेलं. ताई, झाकणाच्या स्क्रूला हातही लावू नका.

पश्या
बरं, हार्ड डिस्क राहू दे. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने कॅप्चर कार्डवर तर घेता येईल? मी आमच्या आजीच्या मुलाखती तशाच घेतल्या, उत्तम आल्या. पण आधी एक सांगा, डीव्हीडीच का?

सांजवेळ
आत्यासाठी. ती सांगलीत एकटी असते, 81 वर्षांची आहे. तिच्याकडे डीव्हीडी प्लेअर आहे आणि तो कसा लावायचा हे तिला पाठ आहे. दुसरं काही तिला शिकवायला जमणार नाही, आणि शिकवायला माझ्याजवळ दिवसही नाहीत. कार्यक्रमात तबल्यावर माझे बाबा आहेत. तिचा धाकटा भाऊ. रविवारी वर्षश्राद्ध आहे. म्हणून ईपीतलं चित्र पाहून जीव तुटला. बाबांची बोटंच दिसत नव्हती, डग्ग्यावर नुसता करडा डाग.

पश्या
हे आधी लिहायचं ना ताई. डीव्हीडीच करू या. माझे दोन्ही सल्ले सोडून द्या.

निवांत_मी
अवांतराबद्दल क्षमस्व, पण सह्याद्री वाचून राहवलं नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं तेव्हा आमच्या चाळीत एकच टीव्ही होता आणि कार्यक्रम बघायला अख्खा मजला त्या खोलीत बसायचा. साथीदारांवर कॅमेरा कधी येतो याची आम्ही वाट बघायचो, कारण दुसऱ्या मजल्यावरचे पेटीवाले काका अधूनमधून वरळीला जायचे. कोणत्या नाटकाची पदं होती ताई?

दुरुस्तीवाला
काका, आधी त्यांचं काम होऊ द्या.
ताई, हिशोब असा. जाहिराती आणि आधीनंतरचं कापलं तर एक भाग किती उरतो?

सांजवेळ
24 मिनिटं. घड्याळ लावून पाहिलं.

दुरुस्तीवाला
उत्तम. तीन भाग म्हणजे 72 मिनिटं. 9 भाग, तीन डिस्क, चौथी हाताशी. कॉपीच्या यादीत हाय स्पीडऐवजी एफआर निवडा. एफआर म्हणजे जेवढी जागा तेवढ्यात चपखल बसवणं, रेकॉर्डर स्वतःच दर ठरवतो. 72 मिनिटांना साधारण 8.7 मेगाबिट मिळतात. एसपीला 5 असतात, यावरून अंदाज घ्या.

गोदाकाठ
असहमत. एफआर केलं की चित्र पुन्हा एन्कोड होतं, म्हणजे नव्याने दाबून लिहिलं जातं, थोडं तरी जातंच. दोन भाग 48 मिनिटांचे, ते एक्सपीतच बसतात. हाय स्पीड कॉपी करा. जसंच्या तसं उतरतं आणि वेळही फार लागत नाही. पाच डिस्क लागतील, एकच विकत आणायची.

दुरुस्तीवाला
तुमचं तत्त्व बरोबर आहे, पण रेकॉर्डिंग करताना 'हाय स्पीड कॉपीसाठी' हे सेटिंग बंद असेल तर डीव्हीडी-आरवर हाय स्पीड होतच नाही. आणि 81 वर्षांच्या बाईंनी पाच वेळा डिस्क बदलायची?

गोदाकाठ
त्यांच्यासाठी तीन करा. घरासाठी मात्र पाचच. मूळ प्रत पातळ करून ठेवू नये, एवढंच माझं म्हणणं. एकदा गेलेलं परत येत नाही.

दुरुस्तीवाला
हे मात्र मान्य. ताई, म्हणूनच कापताना मूळ भागाला हात लावू नका. तुकडा एकदा काढला की रेकॉर्डर तो परत देत नाही. 'प्लेलिस्ट' असेल तर तिथे फक्त हवा तो भाग निवडा आणि प्लेलिस्टवरून कॉपी करा. मूळ 40 मिनिटं जागच्या जागी राहतील. एफआर कॉपीला प्रत्यक्ष वेळ लागतो, एका डिस्कला 72 मिनिटं. मध्ये वीज गेली तर डिस्क वाया जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर लावा.

सांजवेळ
प्लेलिस्ट आहे! लागते कामाला. निवांतकाका, पहिल्या भागात 'सौभद्र'मधली पदं आहेत, बाकीचं रविवारनंतर सविस्तर लिहीन.

सांजवेळ
पहिली डिस्क झाली. आमच्या रेकॉर्डरवर छान दिसते. शेजारच्यांचा जुना प्लेअर आत्याच्यासारखाच आहे, म्हणून त्यावर लावून पाहिली तर 'नो डिस्क' म्हणतो. आता काय?

पश्या
डिस्क खराब. दुसरी कंपनी घ्या.

गोदाकाठ
डिस्क नव्हे. फायनलाइज केली नसेल, म्हणजे लिहिणं संपवून ती बंद केली नसेल. तोवर ती फक्त तुमच्याच रेकॉर्डरला वाचता येते.

दुरुस्तीवाला
हेच. डिस्क मॅनेजमेंटमध्ये फायनलाइज. चार-पाच मिनिटं लागतात, त्या वेळात काही दाबू नका. आधी डिस्कला नाव द्या, नंतर देता येत नाही.

सांजवेळ
झालं. शेजारच्या प्लेअरवर लागली. नाव दिलं 'दादा 1', आत्या त्यांना दादाच म्हणायची, तो धाकटा असूनही.
तिसऱ्या भागात गाणाऱ्या बाई थांबतात आणि बाबा एकटेच वाजवतात. करंगळीवरचं बँडेज दिसतंय, आदल्या दिवशी अडकित्त्याने कापलं होतं. मी विसरले होते ते.
दुसरी डिस्क लावली आहे, 58 मिनिटं बाकी.