आवाजावरून ड्रायव्हरची झोप ओळखावी का? माझं मत: हो

रात्रपाळी:
नाशिकच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये रात्री दोनला ड्रायव्हरांना फोन करायचं काम माझ्याकडे. एरवी "बोला साहेब, कसारा उतरलो" म्हणणारा गडी नुसतं "हां... हां" करू लागला, शब्दांची टोकं खाऊ लागला, की मी गाडी ढाब्यावर लावायला सांगतो. हेच काम यंत्राने केलं तर बिघडलं कुठे? सलग सतरा तास जागलेल्या माणसाची गत रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी होते, हे १९९७ मध्येच मोजून झालंय. आपल्या कायद्यात मर्यादा ०.०३ ची. दारूसाठी फुंकायला लावता, मग झोपेसाठी बोलायला का नको?

टीएल_हिंजवडी:
फुंकल्यावर दारू मोजली जाते. हा नुसता अंदाज. २०१९ मध्ये संशोधकांची यावर स्पर्धा झाली: आवाज ऐकून १ ते ९ च्या पट्टीवर झोप किती ते सांगायचं. पहिल्या आलेल्यांच्या अंदाजाचाही नोंदवलेल्या आकड्यांशी सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ) ०.४ च्या आतच. आणि आवाज सगळे जर्मन! माझ्या कॉल सेंटरच्या टीममधल्या मुलीला सर्दी झाली तर यंत्र तिला पेंगुळलेली ठरवणार, आणि ते अप्रेझलला निघणार.

रात्रपाळी:
सर्दीचं मान्य. पण ज्याचा आवाज त्याच्याच कालच्या आवाजाशी ताडला तर? मीही तेच करतो.

कायद्याचं_बोला:
युरोपियन युनियनच्या एआय कायद्यानुसार २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या जागी भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर बंदी आहे. पण थकवा ही भावना नाही, असं त्याच कायद्यात म्हटलंय.

टीएल_हिंजवडी:
उदाहरण कोणाचं दिलंय तेही सांगा की. वैमानिक आणि ड्रायव्हर, तेही अपघात टाळायला. हेडसेट लावून बिलाच्या तक्रारी ऐकणाऱ्या पोरीचं नाही.

रनिंग_रूम:
रेल्वे इंजिनात आम्ही दोघं प्रत्येक सिग्नल मोठ्याने पुकारतो. चौथ्या रात्री सोबत्याचा "डबल यलो" घशातच राहतो, तेव्हा मला यंत्र लागत नाही. लागतो तो पुढच्या स्टेशनात बदली माणूस. रात्रपाळीसाहेब, एक सांगा. तुम्ही गाडी लावायला सांगता, माल उशिरा पोचतो, तेव्हा पैसे कोणाचे कापतात?

रात्रपाळी:
ड्रायव्हरचेच. हल्ली दोघं-तिघं फोन उचलला की आधी खाकरून घेतात, मग बोलतात.