ऐकणारे आहेत, जागा सांभाळणारे कमी पडतात

"नागपुरात ऐकणारेच नाहीत म्हणून चांगली पोरं पुण्या-मुंबईला पळतात" असं स्वतःची गाणी करणाऱ्या पोरांबद्दल इथं कोणीतरी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. रेशीमबागेत सुरेश भट सभागृह आहे, जवळपास २००० खुर्च्यांचं, पण स्वतःची गाणी घेऊन येणाऱ्या चार पोरांना लागते पन्नास-साठ लोकांची खोली, आणि ती मिळते कुणाच्या तरी कॅफेच्या गच्चीवर, तेही ओळखीचा साउंडवाला भाड्याचं नंतर बघू म्हणून मिक्सर घेऊन येतो तेव्हा. धरमपेठेत अशाच एका कार्यक्रमात पाऊस आला तर त्यानं स्वतःचा रेनकोट काढून मिक्सरवर टाकला, पोरं माइकशिवाय गात राहिली अन् लोक हलले नाहीत राजेहो.

आणि झाडीपट्टीबद्दल, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांबद्दल, कोणीच कसं बोललं नाही? दिवाळीनंतर गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्याच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात, कंपनीला ठरलेली रक्कम गावचं मंडळ देतं, मंडप तेच टाकतं, तिकिटंही तेच विकतं, नफा-तोटा त्यांचा. कलाकारानं फक्त नाटक करायचं. आपल्या वस्तीतल्या गणेश मंडळांकडे स्टेज आहे, वर्गणी आहे, एक संध्याकाळ या पोरांना मानधन देऊन बोलवायला काय हरकत आहे? आमच्या मंडळात मी हा विषय काढणार आहे, कोणाचा बँड असेल तर खाली लिहा.