५० किलो गव्हाला डबे किती आणि कोणते?

(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं, नावांऐवजी घर क्रमांक)

ए-३०२ : नमस्कार मंडळी. ५० किलो गहू आणि १० किलो आंबेमोहोर घेतोय, वर्षाची बेगमी. ठेवायला स्टीलची कोठी घ्यावी, प्लास्टिकचा ड्रम की तेलाचे पत्र्याचे डबे चालतील? आणि किती लागतील?

बी-१०४ : १५ किलो तेलाचा जो चौकोनी डबा असतो ना, त्यात साधारण १३ किलो गहू बसतो. म्हणजे गव्हाला चार डबे. तांदळाला एक, तो पूर्ण भरणार नाही. कोठी घेतलीस तर ५० किलोची एक घेऊ नकोस, २५ किलोच्या दोन घे. एकच मोठी असली की दर आठवड्याला ५० किलो धान्याला बाहेरची हवा लागते. दोन असल्या तर दुसरी दिवाळीपर्यंत उघडायचं कारण नाही.

ए-३०२ : आणि प्लास्टिकचा ड्रम काकू?

बी-१०४ : चालतो, पण झाकण आट्यांचं हवं आणि आत रबराची रिंग हवी. नुसतं वरून दाबून बसणारं नको. खाण्याच्या वस्तूंसाठीचाच ड्रम घे. रसायनांचे रिकामे ड्रम धुऊन विकतात, ते धान्याला अजिबात नकोत, वास मुरलेला असतो. धान्य प्लास्टिकच्या पातळ पिशवीतच राहू दिलंस तर किडे पिशवी पोखरून बाहेर येतात.

बी-४०३ : झाकण तपासायची सोपी रीत सांगतो. कागदाची बोटभर रुंद पट्टी डब्याच्या काठावर ठेवायची, झाकण लावायचं आणि पट्टी ओढायची. असं चारही बाजूंनी करायचं. जिथे पट्टी सहज सुटते तिथे फट आहे. पत्र्याच्या डब्याचे कोपरे बहुतेक वेळा सैल निघतात. तिथे जाड सुती कापड डब्याच्या तोंडावर टाकून मग झाकण दाबलं की बसतं.

बी-१०४ : बरोबर. आमच्याकडे जुनी धोतरं याच कामाला वापरतात.
तेलाचा डबा घेतलास तर त्याचं तोंड कापून वर झाकण बसवलेला घे. आत तेलाचा अंश राहिला तर तो खवट होतो आणि वास गव्हाला लागतो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून दोनदा धुवायचा, मग पूर्ण दिवस उन्हात पालथा न ठेवता उताणा ठेवायचा. जोडाच्या कडांना पाणी अडकून राहतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. कोरड्या फडक्याने कोपरे पुसून बघ, फडकं तांबूस झालं तर तो डबा धान्याला नको.

ए-१०५ : गहू वाळवायचा किती? दोन दिवस ऊन पुरे?

बी-१०४ : कडक ऊन असेल तर दोन दिवस, रोज सहा-सात तास. थर दोन बोटांपेक्षा जाड नको, आणि तासा-दीड तासाने हात फिरवायचा. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. चेपला तर अजून ओल आहे.
आता सगळ्यात महत्त्वाचं. उन्हातून उचलून गरम गहू थेट डब्यात भरायचा नाही. रात्रभर घरात पसरून गार होऊ द्यायचा. गरम भरून झाकण लावलं की रात्री डबा गार होतो, आतली वाफ झाकणाला आतून दव धरते आणि ते वरच्या थरावर ठिबकतं. वरचा चार बोटं गहू गोळा होतो, बुरशी धरतो. लोक म्हणतात डबा वाईट निघाला. डबा चांगलाच असतो, भरताना घाई झालेली असते.
तांदळाला मात्र कडक ऊन दाखवू नकोस. दाण्याला भेगा जातात आणि शिजताना कणी होते. सावलीत, वाऱ्यावर पसर, पुरे.

सी-६०१ : काकूंच्या म्हणण्यात एक भर. टोके, सोंडे यांची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते, म्हणून गहू चाळून, निवडून स्वच्छ दिसला तरी आत कीड असू शकते. त्यासाठीच डबा काठोकाठ भरायचा. आत हवा जितकी कमी, तितका किडीला प्राणवायू कमी. अर्धा रिकामा डबा म्हणजे त्यांना मोकळं रान.
जुना गहू नव्यात मिसळू नये. तळाला उरलेल्या दोन मुठी दाण्यांतून नवी ५० किलोची कोठी बिघडते.

ए-३०२ : कडुनिंबाचा पाला घालू ना? आणि बाजारात गोळ्या मिळतात त्या?

बी-१०४ : पाला सावलीत पूर्ण वाळवून, कापडाच्या पुरचुंडीत बांधून घाल. ओला पाला घातलास तर ओल आपणच आत ठेवली असं होईल. तूरडाळ आणि अख्ख्या कडधान्यांना किलोमागे एक छोटा चमचा एरंडेल चोळायचं. अख्खे मूग, चवळी, हरभरे यांना भुंगा लवकर लागतो, डाळीला त्या मानाने कमी.

बी-४०३ : गोळ्यांबद्दल सगळ्यांनी कृपया नीट वाचा. धान्यात टाकायच्या ज्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या असतात, त्यांना हवेतली ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो. तो विषारी आहे, बंद फ्लॅटमध्ये माणसं दगावतात, शेजारच्या घरातसुद्धा. त्या गोदामात, प्रशिक्षित माणसाने वापरायच्या असतात. कोणी सुट्या दिल्या तरी घरात आणू नका. पारा किंवा बोरिक पावडरही धान्यात नको.

ए-१०५ : रवा-मैद्याला जाळी धरते त्याचं काय?

बी-१०४ : आणल्या आणल्या पिशवी न उघडता फ्रीझरमध्ये चार दिवस. मग बाहेर काढून पिशवी बंदच ठेवायची, पूर्ण नेहमीच्या तापमानाला आली की डब्यात ओतायचं. गार असताना उघडली तर रव्यावर दव बसतं.

ए-१०५ : हाच विषय चाललाय तर, आंब्याची पेटी आली की झाकण किती दिवस बंद ठेवायचं?

सी-६०१ : एक दिवसही नाही. गव्हाच्या अगदी उलट. आंबा पेटीत आल्यावरही श्वास घेत असतो, पिकताना उष्णता आणि ओल बाहेर टाकतो. म्हणून लाकडी पेटीला फळ्यांमध्ये फटी आणि पुठ्ठ्याच्या पेटीला भोकं ठेवतात. पेटी भिंतीला चिकटवून ठेवली किंवा एकावर एक रचली की ती भोकं बंद होतात, मग देठाजवळ काळा डाग पडून तो खाली पसरत जातो.
आली की उघडा, सगळी फळं बाहेर काढा. चीक लागलेली पुसून घ्या. मऊ पडलेली आणि डागाळलेली वेगळी करा. बाकीची कोरड्या पेंढ्यात, दोनच थर, फळाला फळ दाबणार नाही अशी. वरून गोणपाट किंवा वर्तमानपत्र सैल टाका. रोज एकदा बघा. पेटीत पावडरची पुडी सापडली तर ती कार्बाईडची असू शकते, त्यावर बंदी आहे. तो माल परत करा.
आणि रिकाम्या लाकडी पेटीत कांदे-बटाटे ठेवता येतात, मात्र दोन्ही एकाच पेटीत नको, बटाट्याला लवकर कोंब येतात. वर आलेले खिळे आधी काढा किंवा ठोकून आत घ्या.

सचिव : पेट्यांवरून आठवलं. बी विंगच्या चौथ्या मजल्यावर विजेच्या डक्टमध्ये ११ पुठ्ठ्याची खोकी आहेत, जिन्याच्या वळणावर अजून ४. ज्यांची असतील त्यांनी आज रात्रीपर्यंत उचलावीत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे जिना आणि बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवणं आपल्यावर बंधनकारक आहे. फायर होजच्या लाल पेटीसमोरही काही ठेवू नका, तिचं दार पूर्ण ९० अंश उघडलं पाहिजे.

बी-४०३ : डक्टमध्ये केबलचे जोड असतात. सैल जोड तापतो, ठिणगी पडते, शेजारी कोरडा पुठ्ठा. शिवाय डक्ट उभा, म्हणजे धूर वरच्या सगळ्या मजल्यांवर. घरातल्या एमसीबीच्या डब्यासमोरही कपाट सरकवू नका, अंधारात हात पोचला पाहिजे. त्यातल्या आरसीसीबीवर, म्हणजे वीजगळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या खटक्यावर, टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. खटका लगेच पडला पाहिजे. नाही पडला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

बी-४०१ : खोकी आमची आहेत, उचलतो. माफ करा. पुढच्या महिन्यात घर बदलतोय म्हणून जमवली होती. माळ्यावर ठेवली तर चालतील?

सी-६०१ : महिनाभर चालतील, पण उलगडून, सपाट करून. पुठ्ठ्याचे थर जोडायला पिठासारख्या स्टार्चचा गोंद असतो. कसर आणि झुरळं त्यासाठी येतात, आणि आतल्या नागमोडी पोकळ्यांत अंडी घालतात. किराणा दुकानातून आणलेल्या खोक्यांतून झुरळं घरात येतात ती अशीच. पावसाळ्यात पुठ्ठा हवेतली ओल पितो आणि त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. मे महिन्यात घट्ट असलेलं खोकं जुलैत तळातून सुटतं ते म्हणून.

बी-४०१ : काका, पुस्तकं आणि काचेची भांडी आहेत. कोणती खोकी घेऊ?

सी-६०१ : कापलेली कड बघ. दोन सपाट कागद आणि मधे एक नागमोडी असेल तर ते तीन पदरी. तीन सपाट आणि दोन नागमोडी असतील तर पाच पदरी. कपडे, उशा तीन पदरीत. पुस्तकं, भांडी पाच पदरीत. पुस्तकांना खोकं लहान घे, भरल्यावर १५ किलोच्या वर जायला नको. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की ते उचलताना तळ जातो, किंवा उचलणाऱ्याची कंबर.
बाजूंवर नागमोडी रेषा उभ्या असल्या पाहिजेत. आडव्या असतील तर ओझ्याखाली खोकं बसतं.
टेप तळाला नुसती मधल्या फटीवर लावतात, ती पुरत नाही. मधे एक आणि दोन्ही कडांना एकेक, बाजूंवर चार बोटं उतरवून.
खोक्याची खरी ताकद चार उभ्या कोपऱ्यांत असते. म्हणून रचताना कोपऱ्यावर कोपरा. विटांसारखी सांधे चुकवून रचली तर वरच्याचा कोपरा खालच्याच्या पोकळ मधल्या भागावर येतो आणि तो आत जातो.
ताटल्या उभ्या ठेव, आडव्या नाही. प्रत्येकीमधे कागद. खोकं हलवल्यावर आत काही खडखडलं तर अजून भर. अर्धं रिकामं खोकं वरच्या वजनाने दबतं.

ए-२०६ : मुलाच्या डब्यातून रोज आमटी गळते. रबर नवीन आहे तरी. कोणी सांगेल का?

बी-१०४ : गरम गरम भरून लगेच क्लिप लावतेस का? आतली वाफ दाब देते आणि आमटी रबराच्या फटीतून बाहेर ढकलली जाते. पाच-सात मिनिटं उघडा ठेव, वाफ जाऊ दे, मग लाव. काठापासून बोटभर जागा सोड. रबर खोबणीत पीळ न पडता बसलं आहे का तेही बघ. कोथिंबिरीचं एक पान किंवा भाताचं एक शीत खाली अडकलं तरी गळतं.
तपासायचं तर पाऊण डबा पाणी भर, वर्तमानपत्रावर पालथा ठेव, दहा मिनिटांनी कागद बघ. ओल जिथे उमटेल त्या बाजूची क्लिप सैल आहे.
रबर आठवड्यातून एकदा चमच्याच्या मागच्या टोकाने काढून, धुऊन, वाळवून बसव. खाली काळे ठिपके पडतात ती बुरशी असते.
झाकण घट्ट बसून निघतच नसेल तर आतली हवा गार होऊन आकसलेली असते. डबा कोमट पाण्यात दोन मिनिटं धर, सुटतं. सुरी घालू नकोस, काठ वाकला की तो डबा कायमचा गळका.

ए-३०२ : काकू, नवीन मिसळणाचा डबा पण घ्यायचाय. वाट्या सातच का असतात?

बी-४०३ : एकाच मापाच्या गोल वाटीभोवती तशाच सहा वाट्या बरोबर चिकटून बसतात, जागा उरत नाही. म्हणून डब्याचा आतला व्यास वाटीच्या तिप्पट. वाटी ६ सेंमी तर डबा १८ सेंमी. घेताना वाट्या आत फिरवून बघा. खूप खुळखुळत असतील तर डबा काढताना हळद मोहरीत जाते.

बी-१०४ : आणि आत दुसरं सपाट झाकण असलेला घे, जे वाट्यांच्या काठांवर टेकतं. हिंग वेगळ्या डबीत, नाहीतर जिऱ्यालाही हिंगाचा वास. मीठ त्यात ठेवू नकोस, ओल धरतं आणि स्टीलला बारीक खड्डे पाडतं. मिठाला चिनी मातीची किंवा काचेची बरणी.
डब्यावर नाव घालून घेशील तेव्हा झाकणावरही घाल. फराळाच्या वेळी डबे परत येतात, झाकणं बदलून येतात, आणि मग एकही धड लागत नाही. फक्त पत्र्याच्या डब्यावर मशीनने नाव कोरू नकोस, वरचा कथिलाचा थर निघतो आणि तिथे गंज धरतो. त्याच्यावर रंगाने लिही.

ए-१०५ : मुंबईचे डबेवाले १८९० पासून डबे पोचवतात, तेही झाकणावरच रंगाने खुणा करतात. कुठल्या भागात, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, सगळं तेवढ्यात.

ए-३०२ : सगळ्यांचे आभार. २५ किलोच्या दोन कोठ्या आणि तांदळाला पत्र्याचा डबा ठरला. ठेवायचं कुठे, बाल्कनीच्या कोपऱ्यात?

बी-१०४ : नको, पावसाची बाजू आहे ती. स्वयंपाकघरात पाटावर, जमिनीपासून दोन-तीन बोटं वर, भिंतीपासून वीतभर लांब. पावसाळ्यात फरशी आणि भिंत पाझरते. रोजच्या वापराला ५ किलोचा डबा वेगळा ठेव आणि कोठी पंधरा दिवसांनी, कोरड्या दिवशी, दुपारी उघड.

ए-३०२ : गच्ची शनिवार-रविवार मिळेल का वाळवायला?

सचिव : मिळेल. किल्ली वॉचमनकडे, सकाळी ९ ते संध्याकाळी ५. टाकीखालची बाजू सोडून पसरा, तिथे कबुतरं बसतात. वरून जुनी सुती साडी ताणून बांधलीत तर बरं, ऊन लागतं आणि पिसं-घाण पडत नाही.

बी-१०४ : साडीला चारी कोपऱ्यांवर वजन ठेव गं, दुपारी वारा सुटतो. आणि पाच वाजता खाली आणलास की रात्रभर पसरून ठेवायचा. लगेच कोठीत नाही.