पोकरमध्ये सगळेच कॉल करतात (समोरच्याएवढे पैसे टाकून डावात राहतात), मग खेळायचं कसं?

इस्पिकवाला: टेबलवर चार-पाच जण असे आहेत की हातात काहीही असो फ्लॉप (टेबलवरचे पहिले तीन सामायिक पत्ते) बघणारच, रेझ (बेट वाढवणं) मात्र कधीच नाही. माझा एकही ब्लफ चालत नाही, बॉटम पेअर (टेबलवरच्या सगळ्यात लहान पत्त्याशी जुळलेली जोडी) दाखवून पॉट, म्हणजे मधले जमलेले पैसे, घेऊन जातात. काय बदलू?

गप्प_पत्ता: ब्लफ बंद कर ना राव! अर्ध्या पॉटचा ब्लफ तीनात एकदा तरी फोल्ड मिळाला (समोरच्याने पत्ते टाकले) तरच परवडतो, आणि ही मंडळी फोल्ड करतच नाहीत. त्यापेक्षा चांगल्या किकरची (जोडीबाहेरचा दुसरा पत्ता मोठा असलेली) टॉप पेअर, म्हणजे टेबलवरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जोडी, आली की तिन्ही स्ट्रीटला (फ्लॉप, मग चौथा पत्ता टर्न, पाचवा रिव्हर) बेट लाव, तीही पाऊण पॉट वगैरे, कारण त्यांना साइजने फारसा फरकच पडत नाही

रिव्हरराणी: +१. पण असा माणूस टर्न-रिव्हरला अचानक रेझ करतो ना, तेव्हा ओव्हरपेअरसुद्धा (टेबलवरच्या सगळ्या पत्त्यांपेक्षा मोठी हातातली जोडी) गपचूप टाकायची, त्याच्याकडे खरंच असतं. आणि फ्लॉपच्या आधी लिंपर (रेझ न करता नुसता बिग ब्लाइंड, म्हणजे सक्तीची मोठी बेट, भरून आत येणारे) असतील तर तीन बिग ब्लाइंड अधिक लिंपरमागे एक, एवढा रेझ कर.

इस्पिकवाला: फ्लश ड्रॉला (एकाच रंगाचे चार पत्ते, पाचवा यायचाय) सेमी-ब्लफ, म्हणजे हात पूर्ण व्हायच्या आधीच बेट, पण नाही??

गप्प_पत्ता: क्वचितच. स्वस्तात बघ, फ्लॉपनंतर पुढच्याच पत्त्याला लागायची शक्यता साधारण १९ टक्के, पण लागला की हे लोक पैसे देतातच.