फ्रान्समधील जुने दगडी घर: खरेदी आणि हिवाळ्यातील ऊब

प्रश्न: मध्य फ्रान्समधील लिमूझँ भागातील ग्रॅनाइटच्या भिंतींचे जुने शेतघर आम्ही उभयता घेऊ पाहत आहोत. किंमत परवडते, परंतु ऊर्जा-श्रेणी 'जी' (म्हणजे 'ए' ते 'जी' यांतील सर्वांत खालची) आहे आणि घर तापवणारा बॉयलर तेलाचा. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: नोटरीचे (खरेदीखत करणाऱ्या सरकारमान्य कायदेतज्ज्ञाचे) शुल्क आणि कर मिळून किमतीवर साधारण ७ ते ८ टक्के वाढतात. 'जी' श्रेणीच्या घरासाठी विक्रेत्याला एप्रिल २०२३ पासून ऊर्जा-परीक्षणाचा अहवाल द्यावा लागतो, तो बारकाईने वाचा. प्राथमिक करारानंतर खरेदीदाराला १० दिवसांत माघार घेता येते.

उत्तर २: बॉयलरचे वय विचारा, कारण जुलै २०२२ पासून नेहमीच्या इंधन-तेलाचा नवा बॉयलर सहसा बसवता येत नाही. मला मात्र खरी काळजी भिंतींची वाटते. दगडावर सिमेंटचा गिलावा असेल, तर ओल आत कोंडते आणि ओली भिंत कितीही इंधन जाळले तरी थंडच राहते. म्हणून तो काढून चुन्याचा गिलावा करावा, माळ्यावर उष्णतारोधक थर घालावा आणि त्यानंतरच उष्णता-पंपाचा (बाहेरच्या हवेतील वा जमिनीतील उष्णता घरात आणणाऱ्या विजेच्या यंत्राचा) विचार करावा.

उत्तर ३: पहिल्या वर्षी आम्ही जळणासाठी ओले लाकूड घेतले आणि फेब्रुवारीपर्यंत एकाच खोलीत राहिलो. ओक किमान दोन वर्षे वाळलेला घ्या. धुराडे साफ केल्याचा दाखला विम्यासाठी जपून ठेवा.