येशूवरचे चित्रपट: मार किती दाखवायचा?

बाल्कनीवाला
गुड फ्रायडेच्या आठवड्यात दोन चित्रपट पाठोपाठ पाहिले. मेल गिब्सनचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' (२००४) आणि इटालियन दिग्दर्शक पासोलिनीचा, मत्तयाच्या शुभवर्तमानावरचा (१९६४). शुभवर्तमान म्हणजे बायबलमधली येशूची जीवनकथा; मत्तय, योहान असे ते सांगणारे चौघे. दोघांनीही दक्षिण इटलीतल्या मातेरा गावाचं जेरुसलेम केलं. सारखेपणा तिथेच संपला.

फटक्यांबद्दल मत्तय जेमतेम अर्धं वाक्य लिहितो. गिब्सन आधी वेत, मग आकडे लावलेले चाबूक काढतो, शिपाई फटके मोजत राहतात. एवढं पाहिल्यावर या माणसाने डोंगरावरच्या प्रवचनात शत्रूवरही प्रेम करा असं सांगितलं होतं ते डोक्यातूनच जातं. पासोलिनीने येशूची चौकशी गर्दीच्या खांद्यांमागून दाखवली. कॅमेरा कुणा बघ्याच्या हातात असल्यासारखा हलतो, मध्ये डोकी येतात. आपणही त्या गर्दीत नुसते उभे आहोत याची मला लाज वाटली. माझं मत स्पष्ट आहे: शुभवर्तमान जिथे गप्प, तिथे दिग्दर्शकानेही गप्प राहावं.

वसईची लेक
साफ असहमत. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, आम्ही दर शुक्रवारी क्रुसाची वाट करतो: येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या प्रसंगांची चौदा स्थानं, प्रत्येकापुढे प्रार्थना. त्यात येशू तीनदा पडतो, वेरोनिका नावाची बाई त्याचा चेहरा पुसते. शुभवर्तमानात यातलं काही नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यापुढे गुडघे टेकतात. गिब्सनने तीच वाट पडद्यावर आणली. डोंगरावरचं प्रवचन आम्ही लहानपणापासून ऐकतोय, त्याने ते पुन्हा पहिल्यापासून कशाला सांगायचं?

आणि क्रूस घेऊन येशू पडतो तेव्हा त्याच्या आईला, मरियेला, लहानपणी पडलेलं आपलं पोर आठवतं आणि ती धावत सुटते. ते कुठे लिहिलंय? माझी आई तिथे हुंदके देऊन रडली. काढून टाकायचं का ते?

जुनी रिळं
पासोलिनी तरी कुठे गप्प बसलाय? शब्द मत्तयाचे, पण प्रसंगांचा क्रम त्याने हलवला, वर बाखचं संगीत लावलं. क्रुसाखालची म्हातारी मरिया म्हणजे त्याची स्वतःची आई, सुझान्ना. तिचा धाकटा मुलगा ग्विदो १९४५ मध्ये मारला गेला होता. गंमत नाही, मुद्दा आहे: मत्तय क्रुसाजवळच्या बायकांची नावं देतो, त्यात येशूच्या आईचा उल्लेखच नाही. ती तिथे आहे योहानाच्या शुभवर्तमानात. बाल्कनीवाले, तुमच्या नियमाने तो शॉटही कापावा लागेल.

बाल्कनीवाला
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. नियम मागे घेतो. मरियेचं धावणं राहू द्या, सुझान्नाबाईही राहू द्यात. पण फटक्यांची मोजदाद मला अजूनही नको. आणि येशूला क्रुसावर द्या म्हणणारी ज्यूंची गर्दी मत्तयात म्हणते ते 'त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो' हे वाक्य? त्याच्या आधाराने युरोपात शतकानुशतकं ज्यूंचा छळ झाला. गिब्सनने त्याचं उपशीर्षक काढलं, पण अरामी भाषेतला संवाद तसाच ठेवला. ही निवड मला मुळीच पटत नाही.

वसईची लेक
त्या वाक्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. आमच्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच सांगितलंय की येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर लादता येणार नाही. पण मार नको म्हणू नका. बाबांच्या शेवटच्या आजारात आईने उशाशी क्रूस ठेवला होता, बरगडीवरच्या जखमेचा लाल रंग उडालेला. ते रोज त्याच जागी बोट फिरवायचे.